मोशेचा सासरा आणि आपले मास्तर



निर्गमाच्या अठराव्या अध्यायात इथ्रो आपल्या जावयाला भेटायला येतो. जावई म्हणजे मोशे. सकाळपासून संध्याकाळपर्यंत तो एकटाच लोकांचे तंटे ऐकत बसलेला आणि लोक ताटकळत उभे. सासऱ्याने त्याच्या निष्ठेचे कौतुक केले नाही. हे बरे नव्हे, असे तोंडावर सांगितले. अशाने तूही थकशील आणि हे लोकही थकतील. मग हजार, शंभर, पन्नास आणि दहा माणसांवर प्रमुख नेमायला लावले. अवघड तेवढे मोशेकडे, बाकीचे त्यांनी मिटवायचे.

धारणी तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत असा एखादा सासरा यायला हवा.

शिक्षणहक्क कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक ठरवले आहेत. वर्ग मात्र चार किंवा पाच. त्यातले एक गुरुजी बैठकीला धारणीला गेले की उरलेल्या मॅडमच्या हाती सगळी शाळा. पोषण आहाराच्या नोंदी, आधारची माहिती, शाळाबाह्य मुलांचा शोध, मतदार याद्या, सगळे त्याच दोघांकडे. माहिती ऑनलाईन हवी असते आणि मेळघाटात रेंजचा भरवसा नाही. त्यातच पहिलीचे मूल कोरकू बोलत येते. कोरकू ही मुंडा कुळातली भाषा, मराठीशी तिचे नाते नाही. म्हणजे धड्याआधी भाषाच शिकवायची. कामासाठी आईबाप बाहेरगावी गेले की मूलही जाते, परतल्यावर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. या मेहनतीचा रकाना कोणत्याही तक्त्यात नसतो.

कायदा आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २७ प्रमाणे जनगणना, आपत्तीनिवारण आणि निवडणुका सोडून शिक्षकांना अशैक्षणिक काम देता येत नाही. त्याआधी ६ डिसेंबर २००७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितले होते की निवडणुकीचे काम सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याची वेळ सोडून द्यावे. मुलांचा तास वाचला हे उत्तमच. मास्तरांचा रविवार मात्र गेला. आणि १ सप्टेंबर २०२५ च्या निकालाने, निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक अवधी असलेल्या जुन्या शिक्षकांनाही दोन वर्षांत पात्रता परीक्षा उत्तीर्ण व्हायला सांगितले. वीस वर्षे शिकवलेला माणूस रात्री पुस्तक घेऊन बसला तर त्याच्या कपाळावरची आठी समजून घ्यावी.

शिक्षण हे व्रत आहे, असे आपण मोठ्या मनाने म्हणतो. खरेच आहे. पण थकलेल्या माणसाला व्रताची आठवण करून देणे हे काही औषध नव्हे. एलिया संदेष्टा झुडुपाखाली पडून मरण मागत होता, तेव्हा देवदूताने त्याला श्रद्धेवर प्रवचन दिले नाही. भाकर आणि पाणी दिले. तो झोपला. पुन्हा उठवून पुन्हा खायला दिले. चाळीस दिवसांची वाट त्यानंतरची.

पोप पायस बारावे यांनी १९५० साली संत जॉन बॅप्टिस्ट द ला साल यांना शिक्षकांचे आश्रयदाते संत जाहीर केले. मुलांना लॅटिनऐवजी त्यांच्या फ्रेंच भाषेत वाचायला शिकवावे, हा त्यांचा आग्रह. ब्रदर एकटा कुठे पाठवायचा नाही, निदान दोघे हवेत, हा दुसरा. खेड्यांतून एकट्याची मागणी आली तरी ते बधले नाहीत. खेड्यांसाठी वेगळे मास्तर तयार करण्याची सोय त्यांनी केली. तीनशे वर्षांपूर्वी त्यांना जे कळले ते आजही लागू आहे.

शिक्षक नेमणे आपल्या हाती नाही. पण गावात लिहिता येणारा माणूस म्हणजे मास्तर, म्हणून बँकेचा फॉर्म, दाखल्याचा अर्ज, रेशनची तक्रार, सगळे त्यांच्याच दारी जाते. आणि चर्चमध्ये वाचन, गायन, हिशेबही त्यांच्याकडेच. यातले बरेचसे आपली बारावी झालेली मुले-मुली करू शकतात. रविवारी मिस्सानंतर तासभर बसून अर्ज लिहून देण्यास जे तयार असतील त्यांनी फादरांकडे नावे द्यावीत. आणि ज्या शिक्षकाची झोप उडाली आहे, जो घरात विनाकारण चिडतो, त्याच्या घरच्यांनी ते लपवू नये. सरकारच्या टेली-मानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर फोन करता येतो, पैसे पडत नाहीत.