रिकामा ताबा

कोल्हापूरचं जिल्हा न्यायालय भाऊसिंगजी रोडवरून उठून कसबा बावडा रस्त्यावरच्या नव्या न्यायसंकुलात गेलं, तेव्हा सीपीआर रुग्णालयासमोरच्या त्या पट्ट्याची रयाच गेली. झेरॉक्सवाले, टायपिंगवाले, स्टॅम्प व्हेंडर, पक्षकारांच्या चहावर चालणाऱ्या टपऱ्या, एकेक करून सगळे कोर्टामागं गेले. माड्यांवरच्या वकिलांच्या खोल्या रिकाम्या झाल्या आणि ‘भाड्याने देणे आहे’च्या पाट्या उन्हापावसानं विटून गेल्या. मग १८ ऑगस्ट २०२५ला त्याच जुन्या इमारतीत मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग अशा सहा जिल्ह्यांची कामं इथं येणार म्हटल्यावर पाट्या तर उतरल्याच; ज्यांनी कधी खोली भाड्यानं द्यायचा विचार केला नव्हता, तेही जिन्याखालची अडगळ उपसायला लागले.

हे बेंच आपोआप आलेलं नाही. चार दशकं वकिलांनी त्यासाठी मोर्चे काढले, कामं बंद ठेवली, उपोषणं केली, मुंबईच्या वाऱ्या केल्या. शहरातल्या संघटना आणि सगळे राजकीय पक्ष त्यांच्यामागं उभे राहिले. त्या जिन्यांनी आणि माड्यांनी काय केलं? जिथं होत्या तिथं राहिल्या, एवढंच त्यांचं कर्तृत्व. पण चळवळीचं फळ आधी पडलं ते त्यांच्या ओटीत. ओळखीचा एक तरुण वकील मला म्हणाला, “सर, मोर्चात घोषणा द्यायला आम्ही पुढं होतो. आता ऑफिस टाकायचं म्हटलं तर त्या रस्त्यावरच्या एका टेबलाचं भाडं परवडत नाही.” तो हसत होता. मी हसलो नाही, कारण त्याच आठवड्यात मीही पुन्हा एजंटबरोबर जागा बघत हिंडत होतो.

निवृत्तीनंतर चार पैसे हातात आले की कोल्हापुरात सल्ला ठरलेला असतो. सोनं घ्या, नाहीतर जागा घ्या. सोनं कपाटात बसतं, जागा भाडं देते, असं त्याचं समर्थन. पण कागद-पेन्सिल घेऊन बसलं की हे समर्थन टिकत नाही. राजारामपुरीत किंवा शाहूपुरीत बरा टू बीएचके ५० लाखांत मिळाला असं धरू. मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ३ लाख. नोंदणी फी ३० हजार. भाडं महिना १४ हजार आलं, वर्षातला एखादा महिना जागा रिकामी राहिली आणि घरफाळा, सोसायटीचा मेंटेनन्स, रंग, गळती वजा केली, की हाती राहतात सव्वा लाखाच्या आसपास. गुंतवलेल्या रकमेवर हे अडीच टक्केही पडत नाहीत. बँकेतली साधी मुदत ठेव, काही न करता, याच्या दुपटीहून जास्त देते.

म्हणजे भाड्यासाठी घर घेतो म्हणणारा माणूस भाड्यासाठी घेतच नसतो. तो दरवाढीसाठी घेतो, आणि भाडं हा वाट बघण्याचा चहापाणी-खर्च असतो. आता दर वाढतो कशानं? आज तिथं राहणाऱ्यापेक्षा जास्त पैसे मोजणारा कुणीतरी तिथं यायला लागतो, तेव्हा. थोडक्यात, ज्या भाडेकरूच्या नावानं आपण अकरा महिन्यांचा करार करतो, तो उद्या तिथं राहू शकणार नाही, हे आपल्या हिशेबात पहिल्यापासून धरलेलं असतं. कुणी ते बोलून दाखवत नाही. एजंट फक्त एवढंच म्हणतो, “एरिया सुधारतोय, सर.”

एरिया सुधारतोय हे खोटंही नसतं. अंबाबाईच्या देवळाभोवती बघा. महाद्वार रोड, ताराबाई रोडच्या आतल्या बोळांत जिथं दोन-तीन बिऱ्हाडं असायची, तिथं आता यात्री निवासाचे बोर्ड आहेत. मे २०२५मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मंदिर परिसरासाठी १,४४५ कोटींच्या आराखड्याला मंजुरी दिली, तेव्हापासून तर तिथल्या प्रत्येक घरमालकाच्या घरात रात्री जेवताना एकच विषय. आणि त्यांचं चुकतं असं मला म्हणवत नाही. वर्षभर एका कुटुंबाकडून जे भाडं येतं, ते शनिवार-रविवारच्या भाविकांकडून दोन-चार महिन्यांत वसूल होत असेल, तर चार भावांत वाटण्या झालेल्या घरानं दुसरं काय करावं? घरमालक म्हणजे गब्बर असामी, ही समजूत पेठांत चालत नाही. इथले कितीतरी घरमालक १९०६ साली सुरू झालेल्या आणि २००३मध्ये बंद पडलेल्या शाहू मिलच्या पगारावर वाढलेल्या घरांतले आहेत.

एजंटनं मला शुक्रवार पेठेत एक दुपाखी कौलारू घर दाखवलं. दर ऐकून मी दोनदा विचारलं, इतका कमी होता. भिंतीवर साधारण छातीच्या उंचीला रंगाची एक आडवी रेघ होती. २०१९च्या पुराची. त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. पुरामुळं दर कमी असेल असं मला वाटलं, पण नाही. त्या भागात घर घेणारे रेघ बघूनच घेतात, तिची किंमत आधीच वळती झालेली असते. खरं कारण मागच्या दोन खोल्यांत होतं. तिथं एक म्हातारं जोडपं राहत होतं, जुन्या भाडेपावतीवर.

आम्ही आत गेल्यावर मावशींनी आधी पाणी दिलं आणि मग कुणी न विचारता खिळ्यावरची तार काढून पुढं ठेवली. तारेत पावत्या ओवलेल्या. खालच्या, हातानं लिहिलेल्या, पिवळ्या पडलेल्या. वरच्या सगळ्या पोस्टाच्या, मनिऑर्डरच्या. “मालक भाडं घेईनात, मग पोस्टानं धाडतो. एक महिना चुकवलेला न्हाई,” त्या म्हणाल्या. घरात कुणी अनोळखी पुरुष कागदाची पिशवी घेऊन आला की तो बाहेर काढायलाच आला आहे, हे त्यांनी गृहीत धरलं होतं. आजोबा काही बोलले नाहीत, कॉटवर बसून रेडिओची बटणं फिरवत राहिले.

बाहेर आल्यावर एजंटनं गणित समजावलं. घर रिकामं असतं तर दीडपट दरानं कधीच गेलं असतं. “कूळ म्हातारं हाय, सर. थोडी कळ काढायची.”

थोडी कळ काढायची, म्हणजे कशाची वाट बघायची, हे त्यानं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण बाजाराची ही पद्धत एकदा लक्षात आली की डोक्यातून जात नाही. मिळकतीच्या जाहिरातीत ‘रिकामा ताबा’ असं ठळक अक्षरांत छापतात. भरल्या घराची किंमत आणि रिकाम्या घराची किंमत यांत जी तफावत असते, ती त्या घरात राहणाऱ्या माणसांची किंमत, आणि ती उणे चिन्हात लिहिलेली असते. त्या दोघांनी पन्नासएक वर्षं तिथं पोतेरं फिरवलं, दोन महापुरांचा गाळ उपसला, मागच्या दाराला शेवगा लावला. हिशेबात हे सगळं घराचा दोष म्हणून धरलेलं.

मालकाची बाजूही मी ऐकली. कायदा त्याला जाचक वाटतो, आणि त्याचं कारण आकड्यांत आहे. १९४७च्या भाडे कायद्यानं भाडी गोठवली. १९९९चा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्यानं वर्षाला ४ टक्के वाढ मान्य केली. समजा तेव्हा भाडं ८५ रुपये होतं. वाढीवर वाढ धरत गेलं तरी पंचवीस वर्षांनी ते सव्वादोनशेच्या घरात जातं. एका पावसाळ्यात कौलं चाळून घ्यायची मजुरी याच्या कितीतरी पट. मालकाला स्वतःसाठी जागेची खरोखर गरज असेल तर कोर्ट ताबा देऊ शकतं, पण देताना जास्त हाल कुणाचे होतील, हे तोलून बघतं. त्या तोलण्यात वर्षं जातात, आणि तेवढ्यात छप्पर बसतं. जुना भाडेकरू आणि जुना मालक या भांडणात दोघंही थकलेले असतात. मग तिसरा येतो, माझ्यासारखा, नवे पैसे घेऊन, आणि दोघांच्या थकण्याचा दर ठरवतो.

ते घर मी घेतलं नाही. पुण्य जोडायचं म्हणून नव्हे. आजोबांच्या तब्येतीची चौकशी करताना मनात दुसरंच गणित चालू असणं मला झेपलं नसतं, एवढंच. कोल्हापूर लहान आहे. ज्याला घराबाहेर काढाल तो गंगावेशीत दुधाच्या कट्ट्यावर शेजारी उभा असतो. या शहरात लाज ही अजून खर्चात धरावी लागते, आणि मला वाटतं की इथल्या भाडेकरूंचं कायद्याइतकंच संरक्षण या लाजेनं केलं आहे. बाहेरगावचा गुंतवणूकदार फोनवर व्यवहार करतो, त्याला हा खर्च पडत नाही. तो स्वस्तात घेऊ शकतो याचं एक कारण हेही.

मुंबईत १९८२च्या संपानंतर गिरणगावाचं जे झालं ते सगळ्यांनी पाहिलं. गिरण्यांच्या जागी मॉल आणि टॉवर उभे राहिले, कामगारांची मुलं लोकलच्या शेवटच्या स्टेशनांकडं सरकली. आपल्याकडं लोकल नाही. शिवाय महापालिका १९७२ला झाली, तेव्हापासून शहराची हद्द जिथल्या तिथं. हद्दवाढ हवी म्हणून आंदोलन, नको म्हणून गावांचं आंदोलन, यात पिढी गेली. त्यामुळं आतली जागा महाग होत राहिली आणि पेठेतून उठलेला माणूस पाचगाव, कळंबा, उचगावला गेला. शहरापासून चार मैलांवर, पण पाणी टँकरचं आणि केएमटीची बस येईल तेव्हा. त्याचं भाडं कमी झालं असेल. रोजचा पेट्रोलचा खर्च मिळवला तर फारसा फरक राहत नाही.

दसरा चौकातून जाताना मला हटकून बोर्डिंगांकडं बघावंसं वाटतं. भाऊसिंगजी रोड तिथून हाकेच्या अंतरावर. १९०१मध्ये शाहू महाराजांनी व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासून वसतिगृहांचा सपाटा लावला. १९०८मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल निघालं. जागा दिल्या, इमारती दिल्या, अनुदानं दिली. खेड्यातल्या पोराला शिकायचं असेल तर त्याला आधी शहरात डोकं टेकायला जागा पाहिजे, इतकी साधी समज त्यामागं होती. त्या वेळी हे काम दरबारानं अंगावर घेतलं. आज तेच काम राजारामपुरीतले आणि सागरमाळावरचे घरमालक कॉट बेसिसवर करतात, एका खोलीत चार कॉट, प्रत्येकीचं भाडं वेगळं. अडीच टक्क्यांचं गणित ज्यांना चार-पाच टक्क्यांवर न्यायचं असतं, त्यांची ही रीत. मलाही ती सुचवली गेली होती.

बेंच यायच्या आधीच मी शेवटी शाहूपुरीत एक लहान फ्लॅट घेतला होता, वन बीएचके, दुसरा मजला, रिकामा. एका खाजगी दवाखान्यातली सिस्टर आणि तिची धाकटी बहीण तिथं राहतात, गारगोटीकडच्या. महिना साडेनऊ हजारांवर करार झाला होता. बेंच सुरू झाल्यावर एजंटचे फोन सुरू झाले की सोलापूरचे एक वकील पंधरा हजार द्यायला तयार आहेत, करार संपतोच आहे, हो म्हणा. मी चार दिवस होही म्हटलं नाही आणि नाहीही. मग सिस्टरला साडेदहा सांगितले. ती आभार वगैरे मानेल असं मला कुठंतरी वाटत होतं. ती म्हणाली, “हजारानं वाढवलासा, ठीक हाय काका. मोरीतला नळ तेवढा बदलून द्या. मागच्या वर्षापास्नं सांगतोय.”

तिचं बरोबर होतं. पंधराच्या जागी साडेदहा हे माझ्या लेखी औदार्य, तिच्या लेखी वाढ. दरमहा साडेचार हजार मी सोडले असं मी म्हणतो, तेव्हा ते माझे होते हे मी धरूनच चालतो. ते आले होते बेंचमुळं, म्हणजे त्या मोर्चात घोषणा देणाऱ्यांमुळं. पुढच्या वर्षी मी काय करीन हे आत्ता छातीठोकपणे सांगत नाही. घरफाळा वाढेल, लिफ्टचं काम निघेल, आणि माणसाला आपला निर्णय योग्य ठरवायला कारणं कमी पडत नाहीत.

दरम्यान एजंटनं नवी दिशा धरली आहे. उच्च न्यायालयाची कायमची इमारत शेंडा पार्कात होणार, तेव्हा भाऊसिंगजी रोड पुन्हा ओस पडेल. आत्ताच तिकडं घ्या, असं त्याचं म्हणणं. त्या बाजूला सुभाषनगर, जवाहरनगर लागतं. कोल्हापुरी चपलांचं काम करणारी घरं तिथं आहेत. ज्या पावसाळ्यात प्राडा या इटालियन कंपनीनं मिलानमध्ये कोल्हापुरीसारखी चप्पल दाखवली आणि देशभर गदारोळ झाला, त्याच पावसाळ्यानंतर मी त्या गल्लीत गेलो. एका बैठ्या घराच्या पुढच्या खोलीत दोघं बसले होते, एक चामड्यावर ठोके घालत होता, दुसरा वेणी गुंफत होता. एजंट दारातूनच माप सांगत होता. दर्शनी रुंदी किती, रस्ता किती मीटरचा होणार, वर किती मजले चढतील.

मी विचारलं, “हे इथं मालक का?”

“न्हाई, भाड्यानं हाईत. त्यांचं काय न्हाई, सर, सांगितलं की उठतील.”

भाडं किती देतात, ते मी विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं. जागेचा दर मात्र चौरस फुटापर्यंत पाठ होता.