रिकामे जाळे आणि तवक्कुल



फजरची नमाज अदा करून होडी समुद्रात लोटणारे कोकणातील आपले दालदी बांधव आठवा. समुद्र आपल्या सेवेस लावला, त्यातील ताजे मांस खावे व शुक्र अदा करावा, असे अल्लाह सूरह नहलमध्ये (आयत 14) सांगतो. जाळे टाकणे माणसाच्या हाती. बांगडा लागणे अल्लाहच्या हाती. प्रेषितांनी (स.) तवक्कुलसाठी पक्ष्यांचा दाखला दिला. ते सकाळी उपाशी निघतात, सायंकाळी तृप्त परततात. घरट्यात बसून राहत नाहीत.

जाळे रिकामे आले त्या दिवशी आपण पत्नी-मुलांवर राग काढतो, की मगरिबच्या सफेत शांत मनाने उभे राहतो? ईमानाची पारख तेथेच होते. अल्लाह आपणांस सब्र व शुक्र प्रदान करो. आमीन.