‘खोटं’ आणि ‘खोटं-खोटं’

ज्या पुस्तकात चित्र आणि मजकूर मिळून गोष्ट सांगतात, आणि त्यांपैकी एक काढून घेतले तर दुसरे अपुरे पडते, त्याला चित्रपुस्तक म्हणतात. कल्पनाशक्तीविषयी असे पुस्तक मुलांसाठी करावयाचे झाल्यास कर्त्याला रंग आणि रेषा हाती घेण्यापूर्वीच एका जुन्या तात्त्विक प्रश्नाला सामोरे जावे लागते. जे नाही ते मुलाच्या मनासमोर उभे करणे म्हणजे त्याला असत्याकडे नेणे आहे काय? हा प्रश्न केवळ पोथीतला नाही. ज्यांच्या विचारांचा ताराबाई मोडक यांच्या बालशिक्षणाच्या कामावर खोल परिणाम झाला, त्या मारिया माँटेसोरी यांनी लहान वयातील परीकथांवर हाच आक्षेप घेतला होता. परीकथेत कल्पना चालते ती सांगणाऱ्या मोठ्या माणसाची, मूल फक्त तिच्यावर विश्वास ठेवते, आणि या भाबडेपणालाच मोठी माणसे मुलाची कल्पनाशक्ती समजतात, असे त्यांचे म्हणणे होते. हा आक्षेप गंभीर आहे, आणि चित्रपुस्तक करणाऱ्याने तो टाळून पुढे जाणे योग्य नाही.

त्याचे उत्तर शोधताना पतंजलींच्या योगसूत्रांतील एक भेद उपयोगी पडतो. चित्ताच्या पाच वृत्ती सांगताना तेथे ‘विपर्यय’ आणि ‘विकल्प’ वेगळे ठेवले आहेत. विपर्यय म्हणजे वस्तू आहे त्याहून भलतीच समजणे, जसे शिंपल्यावर रुप्याचा भास होणे; विकल्प म्हणजे शब्दाच्या आधाराने उभे राहिलेले असे ज्ञान, की ज्याच्यामागे प्रत्यक्ष वस्तू नसते. राहू हा मुळात केवळ शिरच असताना ‘राहूचे शिर’ असे बोलले जाते, हे विकल्पाचे परंपरेतील प्रसिद्ध उदाहरण आहे. खरी वस्तू कळताच विपर्यय ओसरतो. विकल्प मात्र वस्तू नाही हे ठाऊक असूनही व्यवहारात टिकून राहतो. पतंजलींना अखेरीस दोन्ही वृत्तींचा निरोध अभिप्रेत आहे, त्यामुळे येथे कल्पनेचा गौरव शोधणे अप्रामाणिकपणाचे होईल. परंतु कल्पना म्हणजे भ्रम नव्हे, एवढे हा भेद निःसंशयपणे सांगतो.

मराठी मुलांच्या बोलीत हाच भेद फार पूर्वीपासून आहे. ‘खोटं’ हा शब्द एकदा उच्चारला तर तो आरोप असतो, आणि ‘खोटं-खोटं’ असा जोडून उच्चारला तर ते खेळात येण्याचे आमंत्रण असते. भातुकली मांडून बसलेली मुलगी पाहुण्याच्या हाती रिकामा कप देते, तेव्हा ‘यात तर चहाच नाही’ असे म्हणणारा पाहुणा तिला अडाणी वाटतो; पण तोच पाहुणा लाडू म्हणून वाढलेला खडा खरोखर तोंडात घालू लागला, तर तीच घाईने त्याचा हात धरते आणि तो खोटा-खोटा आहे, खायचा नाही, असे बजावते. म्हणजे खडा हा खडाच आहे हे ज्ञान तिच्या मनातून एक क्षणही गेलेले नसते. माँटेसोरींनी ज्याला भाबडेपणा म्हटले तो विपर्ययाच्या जातीचा आहे, आणि भातुकली विकल्पाच्या.

पुण्यात वाढणाऱ्या मुलाला या प्रश्नाची धार्मिक बाजूही दर भाद्रपदात घरातच दिसते. पार्थिव गणपती, म्हणजे मातीची मूर्ती, बाजारातून आणली जाते. प्राणप्रतिष्ठेनंतर ती देव असते, आणि उत्तरपूजेनंतर अक्षता वाहून जागची किंचित हलवली की विसर्जनाला मोकळी होते. माती ही माती आहे हे घरातील कोणालाही सांगावे लागत नाही, तरीही नैवेद्य मनापासून दाखवला जातो. भक्ती आणि खेळ एकच आहेत असा याचा अर्थ नव्हे, कारण भक्ताला तेथे सान्निध्याची श्रद्धा असते आणि खेळणाऱ्या मुलीला चहाची नसते. तथापि समोरच्या वस्तूचे पूर्ण ज्ञान राखूनही तिच्यापलीकडचे काही मनाने धरता येते, ही शक्यता दोन्हींच्या मुळाशी आहे. मानसपूजेत तर मूर्तीही लागत नाही. आसन, स्नान, फुले, दीप हे सर्व मनातच सिद्ध करावयाचे असते, आणि परंपरेने त्या पूजेला कधी कमी लेखलेले नाही.

आता प्रश्न उरतो तो पुस्तकाच्या पानाचा. ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात राजशेखराने प्रतिभेचे दोन प्रकार मानले आहेत. निर्माण करणाऱ्याची ती कारयित्री, आणि आस्वाद घेणाऱ्याची ती भावयित्री. वाचकाच्या आकलनालाही ‘प्रतिभा’ हेच नाव देण्यात जो आदर आहे, तो बालवाचकाच्या वाट्याला क्वचितच येतो. वरील भातुकलीचेच चित्र काढावयाचे आहे असे समजू. कपातून वाफ निघताना दाखवावी काय? दाखवली, तर चित्रकाराची कारयित्री प्रतिभा दिसेल, पण मुलाला करण्यासारखे काही राहणार नाही. कप रिकामाच ठेवला, बाजूला ‘चहा फार गरम आहे’ एवढाच मजकूर दिला आणि पाहुण्याचे फुंकर घालणारे ओठ नेमके रेखाटले, तर वाफ मुलाला स्वतः पाहावी लागेल. कल्पनेचे सामर्थ्य आहे ते चित्र आणि शब्द यांच्यामधल्या या मोकळ्या जागेत. पंख फुटलेली मुले आणि इंद्रधनुष्याचे पूल रंगवून, वर ‘कल्पनाशक्ती महान आहे’ असे सांगणारी पुस्तके ती जागाच बुजवतात.

पुण्यातच या दृष्टीचे भक्कम उदाहरण आहे. स्वतः लिहिणाऱ्या आणि स्वतः चित्रे काढणाऱ्या माधुरी पुरंदरे यांना बालसाहित्यातील योगदानासाठी 2014 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. ‘राधाचं घर’ आणि ‘यश’ या त्यांच्या पुस्तकमालांतील जग घर, शेजार, शाळा असे रोजचे आहे. ‘हात मोडला’, ‘कंटाळा’ ही पुस्तकांची नावेच ते सांगतात. ‘चित्रवाचन’ हे नाव तर चित्र पाहण्याला वाचनाचाच दर्जा देते. अशा वास्तवदर्शी पुस्तकांत कल्पनेला वाव कोठे, असे कोणी विचारील. लेव व्हिगोट्स्की या रशियन मानसशास्त्रज्ञाने 1930 मध्ये मांडलेला विचार येथे निर्णायक वाटतो. कल्पना अनुभवातून मिळालेल्या सामग्रीवरच जगते, आणि मुलांचा अनुभव थोडा असल्यामुळे त्यांची कल्पना मोठ्यांहून समृद्ध नव्हे, तर तोकडी असते, असे त्याचे प्रतिपादन आहे. लोकसमजुतीला धक्का देणारा हा विचार मान्य केला, तर ओट्यावरची किटली आणि दाराबाहेरच्या चपला बारकाईने दाखवणारे पान हे कल्पनेचे खाद्य ठरते. ज्या मुलीने खरा चहा कोणाला तरी ओतताना निरखून पाहिलेला नाही, तिला खोटा-खोटा चहा नीट ओतता येणार नाही.

चित्रपुस्तकाच्या शेवटाविषयीही यातून काही ठरते. छापखान्यातील फर्मा सामान्यतः 16 पानांचा असल्यामुळे कर्त्याला मोजक्याच पानांत खेळ मांडून तो आवरावाही लागतो. भातुकलीच्या पुस्तकात अखेरचे पान एक कप सोडून बाकीची भांडी टोपलीत परत गेल्याचे असावे, मुलगी आणि पाहुणा त्या पानावर नसावेत, आणि पालथ्या घातलेल्या कपाखाली जमिनीवर एक ओलसर गोल उमटलेला असावा की नसावा, एवढा एकच निर्णय चित्रकाराने शेवटपर्यंत राखून ठेवावा.