आर्ताची प्रार्थना

देवद्वारी येणारा प्रत्येक भाविक निष्काम नसतो. कुणाच्या घरी दीर्घ आजारपण असते, कुणाचे कर्ते माणूस नुकतेच गेलेले असते. अशा दुःखिताने गाभाऱ्यासमोर ‘देवा, दया कर’ म्हणताच त्याला ऐकविले जाते की, प्रारब्ध भोगूनच संपते आणि मागणे ही भक्तीची खालची पायरी होय. (असा उपदेश सहसा सुखवस्तू माणसाच्या तोंडी असतो.)

शंका मात्र खरी आहे. कर्माचा नियम अटळ असेल, तर दयेची याचना म्हणजे त्या नियमाला अपवाद मागणेच नव्हे काय?

श्रीमद्भगवद्गीतेच्या 7 व्या अध्यायात भगवंतांनी आर्त, जिज्ञासू, अर्थार्थी व ज्ञानी असे चार भक्त सांगितले. ज्ञानी त्यांना विशेष प्रिय. तरीही चौघांनाही त्यांनी उदारच म्हटले. गणनेत आर्ताचे नाव पहिले आहे.

श्रीमद्भागवताच्या 8 व्या स्कंधातील गजेंद्र हा असाच आर्त. पूर्वजन्मीचा हा राजा इंद्रद्युम्न अगस्त्यांच्या शापाने हत्ती झालेला, तर त्याचा पाय धरणारा नक्र देवलांच्या शापाने जलचर झालेला हूहू गंधर्व. म्हणजे दोघेही आपापले कर्मफलच भोगत होते. हजार वर्षे झुंज चालली. कळपातील हत्तींनाही त्याला सोडविता येईना. बळ सरले, तेव्हा गजेंद्राने हाक मारली. स्तुती करता करता त्याचे मागणे मात्र पालटत गेले. सुटून पुन्हा हत्तीचे आयुष्य जगण्यात त्याला गोडी उरली नाही. अज्ञानाचे आवरण दूर व्हावे, एवढेच तो मागू लागला. श्रीहरी धावून आले आणि त्यांनी नक्रालाही शापमुक्त केले. येथे दया नियमाच्या आड आली नाही. शापाचा शेवटच दयेच्या रूपाने झाला.

परंतु प्रत्येक हाकेला असे गरुडावरून उत्तर येत नाही. 1630 च्या सुमारास पडलेल्या भीषण दुष्काळात संत तुकाराम महाराजांची प्रथम पत्नी अन्नावाचून गेली, व्यापार बुडाला, गावात मानहानी झाली. त्या शोकातच त्यांनी देहूचे मोडकळीस आलेले विठ्ठलमंदिर दुरुस्त करावयास घेतले. पुढील काळातील त्यांच्या अभंगांत करुणा भाकणे आहे, तसेच विठ्ठलाशी उघड भांडणही आहे. ते अभंग गाथेत आहेत, आणि कीर्तनांतून आजही देवापुढेच गायिले जातात.