पाहुणीला जागा



२०१९ साली राजस्थान सरकारने महात्मा गांधींच्या नावाने इंग्रजी माध्यमाच्या सरकारी शाळा काढल्या. सुरुवातीला जिल्ह्याला एक; जयपूरची मानसरोवर भागात. गंमत पाहा, गांधीजींचा स्वतःचा आग्रह मातृभाषेतून शिकण्याचा!

जयपूरच्या पोराच्या घरी ढूंढाडी बोली, गल्लीत हिंदी आणि वर्गात एकदम इंग्रजी. पोराची जीभ टाळ्याला चिकटते. येत नसतं असं नाही. सगळे हसतील याची धास्ती असते. भाषाशास्त्रज्ञ स्टीफन क्रॅशन हेच सांगतात : मन धास्तावलं की कानावर पडलेली भाषा आत झिरपत नाही.

मग वर्ग कसा असावा? बाकं भिंतीकडे सरकवून सतरंजीवर गोल बसावं. दारावर, खिडकीवर, माठावर चिठ्ठी लावावी. वर हिंदी शब्द, खाली इंग्रजी. तहान लागली की पोर माठाशी जातं आणि पाण्याच्या घोटाबरोबर शब्दही पोटात जातो. बोलताना चुकलं तर बाईंनी मध्येच अडवू नये. तेच वाक्य नीट करून सहज परत म्हणावं.

परकी भाषा ही पाहुणी. तिला पाट जरूर मांडावा. पण त्यासाठी आईला पानावरून उठवू नये.