यादी आली तेव्हा

वजू तुटल्याची नुसती शंका आली, तर वजू कायम धरतात. खात्री पटली तरच नवा करतात. फिक्हचा हा नियम आपल्या घराघरांत ठाऊक आहे. १९८५ साली आल्चुरॉन, गार्डनफोर्स आणि मॅकिन्सन या तिघांनी तर्कशास्त्रात मांडलेला विचार याच्या जवळचा आहे: नवी, विरोधी माहिती स्वीकारताना जुन्या समजुतींपैकी गरजेपुरत्याच सोडाव्यात. पण कोणत्या? मनात कमी घट्ट बसलेल्या. कोणती किती घट्ट, हे तर्कशास्त्र सांगत नाही. ती उतरंड माणूस आधीच सोबत घेऊन येतो.

आमच्या पालघर जिल्ह्यातलेच पाहा. १६ एप्रिल २०२० च्या रात्री, टाळेबंदीत, डहाणू तालुक्यातील गडचिंचले येथे जमावाने दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार केले. चोर, मुले पळवणारे फिरतात, अशी अफवा आधीपासून होती. अनोळखी गाडी दिसताच ती ‘खरी’ ठरली. मग दुसरी अफवा उठली: मारणारे मुसलमान होते. २२ एप्रिलला तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अटकेतील १०१ जणांची यादी जाहीर केली. तीत एकही मुसलमान नव्हता.

आता ‘सरकारने अशी यादी दिली’ एवढे सर्वांनाच मान्य. कुणी अफवा सोडली, कुणी सरकारवरचा विश्वास सोडला. विसंगती दोघांचीही मिटली. सूत्रांच्या हिशेबात दोघेही बिनचूक!

आपण तर यादी तत्काळ खरी मानली. तीत आपल्यापैकी एखादे नाव असते, तर ती मानायला आपल्याला किती पुरावा लागला असता?