पाकिटातले अन्न आणि भोजनातील मात्रा



विष्णुपुरीच्या शासकीय रुग्णालयात आपले माणूस पाहायला जाताना आपण हातात काय नेतो? बिस्किटांचा पुडा. लेकरू रडले की चिप्सचे पाकीट. हल्ली वंदना झाल्यावर विहारातही तेच वाटले जाते.

यामागचे मन मी ओळखतो. भाकरी या शब्दाशी आपल्या मागच्या पिढ्यांचा अपमान जोडलेला आहे. येसकराची शिळी भाकरी दारोदार फिरून पदरात घ्यावी लागे. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी उष्टे तुकडे आणि मेलेल्या जनावराचे मांस सोडायला सांगितले, आणि वडीलधाऱ्यांनी उपाशी राहून ते सोडले. म्हणून चकचकीत पाकीट लेकराच्या हाती देताना आईला माणसात आल्यासारखे वाटते. पण बायांनो, सोडायची होती ती मागितलेली भाकरी. आपल्या घामाच्या ज्वारीची भाकरी ती नव्हे.

दळणे, भाजणे, वाळवणे यांनी अन्न बिघडत नाही; मुरमुरे, फुटाणे खुशाल खावेत. ब्राझीलचे डॉक्टर कार्लोस मॉन्तेरो यांनी ज्याला अति-प्रक्रियायुक्त म्हटले ते अन्न निराळे. कारखान्यात मैदा, साखर आणि स्वस्त तेल एकत्र करून त्यात रंग व कृत्रिम स्वाद मिसळलेले ते असते. २०१९ साली अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २० माणसांना दोन आठवडे असे अन्न आणि दोन आठवडे साधे अन्न दिले. दोन्ही ताटांत साखर, मीठ, चरबी सारखीच होती आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. तरी कारखान्याच्या अन्नावर माणसे रोज सुमारे ५०० कॅलरी जास्त खाऊन गेली. दोन आठवड्यांत वजन किलोभर वाढले, साध्या अन्नावर तेवढेच उतरले. असे अन्न फार खाणाऱ्यांत मधुमेह आणि हृदयविकार जास्त आढळतात, हे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. मधुमेह माणसाला कसा पोखरतो, हे बाबासाहेबांच्या अखेरच्या वर्षांत आपल्या समाजाने पाहिलेच आहे.

कोसलचा राजा पसेनदी जड जेवून धापा टाकत तथागतांकडे आला, तेव्हा तथागतांनी त्याला मात्रेने जेवण्याचा उपदेश केला. राजाने सुदस्सन नावाच्या तरुणाला तो उपदेश रोज जेवणाच्या वेळी म्हणायला लावला, आणि हळूहळू तो थोड्या भातावर आला. राजाला आठवण द्यायला सुदस्सन होता. आपल्या लेकरापाशी कोण आहे?

सकाळी मजुरीला जाणाऱ्या बाईने भाकऱ्या कधी थापाव्यात, असे कोणी विचारील. रास्त प्रश्न आहे. मग नवऱ्याने पीठ मळावे, त्यात कमीपणा कसला?

येत्या वर्षावासात ग्रंथवाचनानंतर फुटाणे-शेंगदाणे वाटा. पाकीट घेतलेच, तर मागची बारीक अक्षरे शाळेत जाणाऱ्या पोराकडून मोठ्याने वाचून घ्या, आणि त्यातल्या किती जिनसा आपल्या घरच्या डब्यांत आहेत ते त्यालाच मोजू द्या.